होडीचा वाटा

आमच्या शिवणाच्या बाई मैदानाकडे पाठ करून खो-खो शिकवायच्या. मी हे थट्टेनं सांगत नाही. शाळा सुटली की आम्ही मुली मैदानात उतरायचो, बाई कडेच्या दगडी कुंपणापाशी, गडग्यापाशी जायच्या, खाडीकडे तोंड करायच्या आणि सराव संपेपर्यंत तशाच उभ्या राहायच्या. पदर कमरेला खोचलेला, हात पाठीमागे गुंफलेले, गळ्यात शिवणाची मोजपट्टी. ती मोजपट्टी त्या बाजारातही घालून यायच्या. मागे आमचा खेळ चालायचा आणि बाई जयगडच्या खाडीचं पाणी बघत असायच्या.

यात पंचाईत झाली ती तरीवाल्या म्हाताऱ्याची. खाडीपलीकडे माणसं नेणारी त्याची होडी आमच्या मैदानाच्या खालून सुटायची. बाई नव्या होत्या तेव्हा त्यानं दोनदा अर्ध्या पाण्यातून होडी माघारी आणली. त्याला वाटायचं, बाईंना पलीकडे जायचंय आणि हाक मारायला लाजतायत. शेवटी तो चढ चढून शाळेत आला आणि हेडमास्तरांना म्हणाला, "त्या बाईंना काय ता एकदा ठरवायला सांगा. यायचं हाय तर या म्हनावं. नायतर माज्याकडं बगत उब्या राऊ नका."

हेडमास्तरांनी बाईंना बोलावलं. आम्ही खिडकीखाली होतोच.

"बाई, मुली मागे खेळतायत आणि तुम्ही बघत नाही म्हणे."

"ऐकतेय की."

"खेळ ऐकतात का कधी?"

"बसलेल्या पोरींना तरी कुठं दिसतंय सर? त्या बी ऐकूनच उठत्यात."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. आमचा हा विषय त्यांच्याकडून तिथेच संपला.

बाई घाटावरच्या. बंदराजवळ मिठाच्या वखारीवरची एक खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. मासे आवडीनं खायच्या, पण भाकरीबरोबर, आणि तीही ज्वारीची. पीठ त्या सुट्टीवरून येताना पत्र्याच्या डब्यातून आणायच्या. आमच्या गावात त्यांना पहिलं नाव पडलं ते "लई बाई", कारण त्यांना सगळंच लई वाटायचं. ऊन लई, घाम लई, पोरी लई बोलतात. नवऱ्याबद्दल, घरच्यांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

खो-खो त्यांच्या गळ्यात पडला तो केवळ शेवटचा तास त्यांचा असायचा म्हणून. आपण नुकताच क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता आणि गावातला प्रत्येक मुलगा माडाच्या झावळीच्या जाड देठाची, पिढ्याची बॅट करून कातळावर उभा होता. खेळाचे सरही तिकडेच. मुलींकडे बघायला कोणी नव्हतं. बाई स्वतः कधी खो-खो खेळल्या होत्या की नाही हे मला आजही माहीत नाही. नियम त्यांनी पुस्तकातून वाचले आणि खेळाचं मर्म मात्र स्वतःच्या डोक्यानं शोधून काढलं. ते मर्म असं की, या खेळात सगळ्यात अवघड काम पळणं नाही, खो देणं आहे. आपल्या पायांत अजून दम असताना थांबायचं, दुसरीच्या पाठीला हात लावायचा, मोठ्यानं खो म्हणायचं आणि तिच्या जागी खाली बसायचं. चांगल्या पळणाऱ्या मुलीला हे जिवावर येतं.

त्यामुळे बाईंचं वाक्य एकच. आमच्यातल्या कुणी कितीही झकास गडी बाद केला तरी गडग्याकडून आवाज यायचा, "खो ऐकू आला न्हाई." आम्ही चिडायचो. गडी बाद झाला ना? मग खो कशाला ऐकू यायला हवा? बाई वळायच्यासुद्धा नाहीत.

आम्हाला त्या चेहऱ्यावरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखायच्या. एकीचं नाव चिरका, एकीचं भोंगा. माझा खो फार हळू यायचा, म्हणून मी कुजबूज. मला त्याचा राग यायचा, कारण घरात मी सगळ्यात भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होते. पण मैदानात माझा आवाज बसायचा हे खरं, आणि पळण्यातही मी बेताचीच होते.

आणि एकीला मात्र बाईंनी आवाजाचं नावच ठेवलं नव्हतं. ती सुगंधा. तिला खरं नावच राहिलं, कारण तिचा खो बाईंनी ऐकलाच नव्हता. सुगंधा खाली कोळीवाड्यात राहायची, बापाची स्वतःची होडी होती, आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायला वरच्या वाड्यांतून फिरायची. सुगंधासारखी पळणारी मुलगी मी पुढेही पाहिली नाही. समोरची खेळाडू रांगेतून पलीकडे निसटली की बाकीच्यांना खो द्यावाच लागतो. सुगंधा द्यायची नाही. खांबाला वळसा घालून ती पलीकडे जायची आणि तिथे जाऊन पकडायची. आम्ही आपल्या उकिडव्या बसलेल्या. उठायला मिळेल या आशेनं मी अर्धवट उठून ठेवायचे आणि पंच माझ्या नावानं शिटी वाजवायचा.

तालुक्याला आम्ही जिंकलो ते सुगंधाच्या जिवावर, हे मान्य करायला मला तेव्हा जड गेलं, आता जात नाही. उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस तिला मिळालं, एक ड्रेसपीस. मोरपंखी रंगाचा, चकचकीत, तेव्हा आमच्या गावात फक्त मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या बायकांच्या अंगावर दिसायचा तसा. घरी येताना तो तिनं छातीशी धरून आणला. तिचा बाप तिला नववीनंतर शाळेतून काढणार होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. "खेलून काय मिलतंय?" असं तो रोज विचारायचा. त्या दिवशी ती मला म्हणाली, "आज बाबांनला दाखवतंय काय मिलतंय ता."

पण बाबा होडी घेऊन दर्यात होते, दोन दिवसांनी येणार होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सुगंधानं ते कापड शाळेत आणलं आणि ड्रेस शिवून द्या म्हणून बाईंकडे दिलं. बाईंनी ते शिवणाच्या लांब टेबलावर पसरलं. मोजपट्टी लावली. खडूनं रेघा मारल्या. आम्ही भोवती गोळा झालो होतो. बाईंनी कात्री घातली आणि सरळ लांब पट्टे कापत सुटल्या. एक, दोन, तीन. चौथ्या पट्ट्याला सुगंधाच्या लक्षात आलं की हा ड्रेस नव्हे.

"बाई, काय करताव?"

"बारा जणी, बारा पट्टे. गणवेशावर कमरेला बांधायचे. सरावाला डोळ्यांवर बांधायचे. कडा मी दुमडून देते."

सुगंधा रडली नाही. ती टेबलापाशी उभी राहून शेवटचा पट्टा कापून होईपर्यंत बघत राहिली आणि मग दप्तर घेऊन घरी निघून गेली. बाईंनी जे केलं त्याचा आम्हाला धक्का बसला होता, पण खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं होतं. पट्टा माझ्या हातात आला तेव्हा मी तो कमरेला बांधून पाहिला.

तासाभरात सुगंधाची आई आली. पाटी डोक्यावर तशीच, तिच्यातून पाणी ठिबकतंय. वर्गाच्या दारातून तिनं हाक मारली ती हेडमास्तरांच्या खोलीत ऐकू गेली असेल.

"बाई, भायेर या! माज्या पोरीचं कापड तुमी कापलांव कशाला?"

बाई बाहेर आल्या. "ते तिचं एकटीचं नव्हतं. बारा जणींचं होतं."

"बक्षीस कोनाला दिलं त्यांनी?"

"तिला दिलं. पण खेळल्या सगळ्या. म्हणून मी वाटे केले. तुम्ही मासळीचे वाटे करत न्हाई का?"

बाईंना वाटलं असावं, आपण इथल्या माणसांना इथल्याच भाषेत गप्प केलं. सुगंधाच्या आईनं पाटी उतरवून जमिनीवर ठेवली आणि कमरेवर हात ठेवले.

"करताव. जालं वडनाऱ्या समद्यांना सारका वाटा, बराबर हाय. पन त्याच्या आदी होडीचा वाटा काडताव, बाई. जिच्यावर बसून दर्यात गेलाव तिचा वाटा येगला. तालुक्याला तुमी समद्या माज्या पोरीवर बसून गेलाव. तिचा होडीचा वाटा कुटं हाय?"

माझा हात कमरेच्या पट्ट्यावर होता, तो मी हळूच पाठीमागे नेला. बाई मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडवत होत्या, परत गुंडाळत होत्या. घाटावर होड्या नसतात. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "होडीचा वाटा राहिला. तो मी देईन."

सुगंधाची आई जरा नरमली. पाटी उचलायला वाकली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पण मला सांगा, हा वाटा काढता कशापायी?"

"कशाला मंजी? डांबर नको? फली बदलायला नको? फुडल्या खेपंला होडी दर्यात जायला नको?"

"जायला पाहिजे ना? मग नववी झाली की सुगंधाला किनाऱ्यावर ओढून ठेवणार हाय, ते का?"

आईनं पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "ता तिच्या बापाला इचारा."

कुणाला वाटेल, हे नुसतं बोलण्यापुरतं झालं. पण सुगंधाचा बाप दर्यातून आला त्याच दिवशी बाई मोजपट्टीसकट कोळीवाड्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि आम्ही अकरा जणी त्यांच्या मागे. तो अंगणात जाळं विणत बसला होता. सुगंधा दाराआड होती. बाईंनी कापड कापल्याचं स्वतःच सांगितलं, चूक झाली म्हणाल्या, आणि मग पोरीला दहावीला बसवा म्हणाल्या. त्यानं विणायची सुई खाली ठेवली नाही.

"जिल्ह्याला जाऊ दे तिला," तो म्हणाला. "हातात कायतरी घेऊन इली तर दहावीचा इचार करू. रिकामी इली तर परीक्षा झाली की शाला पुरे. मग माज्या फुड्यात येऊ नका."

बाई म्हणाल्या, "चालंल."

परत येताना मला बाईंचा फार राग आला. एवढं कबूल कशाला करायचं? जिल्ह्याला आमच्यापेक्षा तगडे संघ असायचे. आणि सुगंधाला आता काहीही करून स्वतःचं बक्षीस आणायचं होतं, म्हणजे ती खो देण्याची शक्यता संपलीच. झालंही तसंच. ती सरावाला यायला लागली, पण मोरपंखी पट्टा बांधायची नाही आणि एकटी पळायची. पहिल्यापेक्षा दुप्पट जोरानं. दर वेळी गडग्याकडून आवाज, "खो ऐकू आला न्हाई." एकदा ती तिथेच ओरडली, "बाई, माजी शाला जाईल!" बाई खाडीकडे बघतच म्हणाल्या, "ठावं हाय. खो दे."

मला वाटायचं, एवढ्यापुरतं बाईंनी सोडून द्यावं. पळू दे तिला, मिळवू दे बक्षीस. पण सोडून देणं हा शब्दच बाईंच्या शिवणात नव्हता. टाका वाकडा गेला की त्या सगळी शिवण उसवायला लावायच्या, मग परीक्षा दुसऱ्या दिवशी का असेना.

एके दिवशी त्यांनी सुगंधाला रांगेत मधोमध बसवलं आणि डोळ्यांवर पट्टा बांधायला लावला. आम्हाला सांगितलं, हिला सोडून बाकी सगळ्यांनी एकमेकींना खो द्यायचा. पूर्ण डावभर आम्ही तिच्या आजूबाजूनं पळत होतो, उठत होतो, बसत होतो. तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नाही. डाव संपल्यावर तिनं पट्टा ओढून काढला. डोळे लाल झाले होते.

"काय ऐकलंस?" बाईंनी विचारलं. तोंड अर्थात खाडीकडे.

"काय नाय. समद्या पलत होत्या. मी नुसती बसलंय."

"आम्ही तालुक्यापासून तेच करतोय," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते मोठ्यानं निघालं. मैदानात माझा आवाज एवढा मोठा पहिल्यांदाच आला असेल, कारण गडग्याकडून बाई म्हणाल्या, "कुजबूज बोलायला लागली व्हय."

सुगंधा माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं कमरेला पट्टा बांधला होता. खो मात्र तेव्हाही दिला नाही.

रत्नागिरीच्या मैदानात बाई नेहमीप्रमाणे पाठ करून उभ्या राहिल्या. लोक हसले. दुसऱ्या शाळेच्या एका सरांनी सहानुभूतीनं विचारलं, "बघवत नाही का हो तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "गप ऱ्हावा, ऐकू येत न्हाई." आम्ही अंतिम सामन्यापर्यंत कशा पोचलो हे सांगण्यात अर्थ नाही, थोडं सुगंधाच्या पायांनी, थोडं समोरच्यांच्या चुकांनी. शेवटच्या डावात बरोबरी झाली होती. एक गडी बाद केला की जिंकलो, एवढं उरलं होतं. आणि मैदानात होती त्यांची दोन वेण्यांची उंच मुलगी, जी दिवसभर कुणाच्या हाताला लागली नव्हती.

सुगंधा तिच्या मागे होती. ती मुलगी माझ्या आणि शेजारणीच्या मधून निसटली आणि बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आली. सुगंधा राहिली माझ्या पाठीमागे. खांब जवळ होता. वळसा घालून गेली असती तर ती मुलगी कदाचित तिला सापडली असती, आणि सुगंधानं हिला पकडलं तर बक्षीस तिलाच मिळणार हे मैदानातल्या कुत्र्यालाही कळत होतं. मला मागचं काही दिसत नव्हतं. सुगंधाचा श्वास ऐकू येत होता. खांबाच्या दिशेनं तिचं एक पाऊल पडलेलं मी ऐकलं. मी अर्धवट उठले नाही. जमिनीला हात लावून बसून राहिले.

पाठीवर थाप बसली. "खो!"

तो आवाज माझ्या कानात अजून आहे. मी उठले आणि हात लांब केला. दोन वेण्यांतली एक माझ्या बोटांना लागली, मग खांदा लागला. पुढे शिटी, आरडाओरडा, मुली माझ्या अंगावर. मी त्या गर्दीतून सुगंधाला शोधत होते. ती माझ्या जागी बसलेली होती, खो दिल्यावर बसायचं असतं तशी, उकिडवी.

संघाला ढाल मिळाली. ती शाळेच्या कपाटात गेली. उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस, स्टीलची कळशी, त्या उंच मुलीला मिळालं, कारण शेवटपर्यंत तीच टिकली होती. यात पंचांची काही चूक नव्हती. सुगंधानं टाळ्या वाजवल्या आणि ती सरळ बाईंकडे गेली.

"बाई, मी रिकामी चाललंय घरी."

बाई वळल्या. मैदानाकडे, आमच्याकडे, तिच्याकडे. त्यांना मैदानाकडे बघताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "खो ऐकू आला," त्या म्हणाल्या. सुगंधा तेव्हा रडली. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, तसल्यातल्या त्या नव्हत्या. पदरानं तिचं नाक मात्र पुसलं.

परतीच्या एसटीत कुणी गाणी म्हटली नाहीत. ढाल मागच्या सीटवर एकटीच बसून होती. सुगंधा खिडकीशी, डोकं गजाला टेकून. घर जवळ येत होतं आणि त्या घरी बाप जाळं विणत बसलेला असणार होता. मला बसवेना. मी कमरेचा मोरपंखी पट्टा सोडला आणि तिच्या मांडीवर ठेवला. का ठेवला, ते मी तेव्हा नीट सांगू शकले नसते. ती काही बोलायच्या आत चिरक्यानं आपला ठेवला, मग भोंग्यानं, मग सगळ्यांनी. तांबड्या मातीनं माखलेले, घामानं कडक झालेले पट्टे.

बाई पुढच्या सीटवरून वळून बघत होत्या. आम्हाला वाटलं, आता रागावतात.

"आधी धुऊन द्या," त्या म्हणाल्या. "घामट कापडावर मशीन चालत न्हाई. आणि नीट पिळा, वेडेवाकडे पिळाल तर मापात बसायचं न्हाई."

बाईंनी ते पट्टे कळ्यांसारखे उभे जोडून झगा शिवला. बारा पट्टे, आणि प्रत्येकाचा रंग आता वेगळा. कुणी विहिरीवर धुतला होता, कुणी खाडीच्या खारट पाण्यात. माझ्या पट्ट्यावर हळदीचा डाग होता तो गेलाच नाही. झगा घेऊन बाई कोळीवाड्यात गेल्या, आम्ही मागे होतोच. बाईंनी झगा सुगंधाच्या हातात दिला आणि तिला पुढे केलं. मग तिच्या बापाला म्हणाल्या, "होडीचा वाटा. पोरींनी काढला. तुम्ही हातात कायतरी घेऊन ये म्हणाला होता."

त्यानं सुई खाली ठेवली. झगा हातात घेऊन उन्हात धरला. "सांधे दिसतात," तो म्हणाला.

"दिसू द्यात."

मग त्यानं एक सांधा दोन्ही मुठींत धरला आणि नव्या जाळ्याची गाठ तपासावी तसा जोरानं ओढला. सुगंधाची आई दारातून "अवो!" म्हणून ओरडली. त्यानं पुन्हा ओढला, दुसरीकडे ओढला, हळदीच्या डागापाशी ओढला. बाई मोजपट्टीचं टोक धरून उभ्या होत्या आणि त्याच्या हातांकडे एकटक बघत होत्या. कापड ताणलं. शिवण हलली नाही.

त्यानं झगा घडी करून मुलीकडे दिला, पुन्हा जाळ्याशी बसला आणि सुईत दोरा भरता भरता, मान वर न करता म्हणाला, "दहावीची पुस्तकं हितं मिलतात, बाई, का रत्नांग्रीतनं आनायला लागतील?"